जाऊन येणारा उजेड

रघू,

काल तुझा मोहन येऊन गेला. तुझ्या प्रयोगशाळेतला, नागपूरकडचा, ज्याच्याबद्दल तू रजेवर आलास की तासभर बोलायचास तोच. सुट्टीत दुरुस्त करायची म्हणून तू जी काळी पेटी घरी आणून ठेवली होतीस, ती न्यायला आला होता. बिचारा आप्पांसमोर बसून रडला. मला त्याचा राग आला नाही. राग आलाय तो तुझा, आणि तो तेरावा उरकला म्हणून उतरेल असं वाटत नाही. जाताना उंबऱ्यावर तो काय बोलला ते सांगणार आहे, पण शेवटी. त्याआधी आपलं अर्धवट राहिलेलं भांडण आहे. या खेपेला तुला मधे तोंड घालता येणार नाही. जन्मात पहिल्यांदाच.

हे मराठीत लिहितेय. तंजावरात राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत घरोघरी मराठी बोलतात, पण ही अक्षरं वाचणारं माणूस शोधावं लागतं. आजोबांनी आपल्या दोघांना पाठीत धपाटे घालून शिकवली म्हणून आपल्याला येतात. मी शाळेत मुलींना गणित शिकवते तमिळमध्ये, तू यंत्रं बांधलीस इंग्रजीत, पण भांडलो मात्र नेहमी मराठीत. भांडायला आईची भाषा लागते.

मोहनला आपल्या मराठीची भारी गंमत. काल डोळे पुसता पुसताही म्हणाला, "अक्का, रघू 'का' न म्हणता 'कसाला' म्हणायचा. आता आम्ही सगळेच तसं म्हणतो." त्याला तू आणखी काय काय शिकवलं होतंस ते मला नंतर कळलं.

आपल्या घरात कोणी नुसतं 'जातों' म्हणत नाही. आपण 'जाऊन येतों' म्हणतो. शेजारचे तमिळ लोक 'पोय्ट्टु वरेन' म्हणतात, तेच आपण आपल्या भाषेत आणलं आणि नव्या सुनेलाही पहिल्या दिवशी तेच शिकवलं. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जाणारा तेच म्हणतो आणि परमुलखात नोकरीला जाणाराही. ऐकणाऱ्यानं म्हणायचं, 'बरें, लोकर ये,' मोहनच्या मराठीतलं 'लवकर ये'. एवढं बोलणं झाल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय पडत नाही.

म्हणून तर तू मला तुझं काम इतकं सोपं करून सांगू शकलास. एका रजेला तू एक काच घेऊन आलास. तीन बाजूंनी कापलेला, मुठीत मावणारा जाड भिंगासारखा तुकडा. मी विचारलं, उजेडानं अंतर मोजतात म्हणजे काय रे करतात? तू म्हणालास, "अक्का, उजेड घरांतून निघतांना 'जाऊन येतों' म्हणतो. आम्ही त्याची वाट बघत बसतों. परत आला कीं त्याला किती वेळ लागला तो बघायचा, त्याचा अर्धा जाण्याचा. मग तो कोठवर जाऊन आला तें कळतं." मी म्हटलं, "आणि आलाच नाहीं तर?" तू खांदे उडवलेस. "तर तिकडे कांहीं नाहीं असं समजायचं."

तेव्हा मी हसले होते. आता ते वाक्य दिवसातून कितीदा तरी कानात वाजतं.

तिरुवैयारूला आत्याकडे गेलो होतो तेव्हाची संध्याकाळ आठवते का? तू मला पुलावरून नदीच्या पलीकडे पाठवलंस, हातात ती काच देऊन. "तूं तिकडे उभी रहा. कांहीं करूं नको. कशीहि धर, ही काच उजेड आला तिकडेच परत पाठवते." मी कावेरीच्या काठावर हात वर करून उभी. येणारे-जाणारे बघतायत, एका बाईनं तर विचारलं की नवस आहे का. पलीकडे तुझ्या टॉर्चचा ठिपका दिसत होता. मला माझ्या काचेत काहीच दिसत नव्हतं, हात मात्र भरून आला. आणि एकदम तू तो टॉर्च हवेत गोल गोल फिरवायला लागलास, लहानपणी पतंग कापल्यावर नाचायचास तसा. उजेड तुझ्याकडे परत आला होता. मला न दिसलेली गोष्ट मी तुझ्यापर्यंत पोचवली होती. एवढा आनंद मला नंतर फार वेळा झालेला नाही.

घरी परतल्यावर तू आत्याच्या स्वयंपाकघरात कॉफी केलीस. पेल्यातली खालच्या पसरट डबऱ्यात, डबऱ्यातली पेल्यात, एक हात डोक्यावर आणि एक कमरेखाली. मधे कॉफीची लांबच लांब धार, आणि ओट्यावर थेंब नाही. आत्या म्हणाली, "मोजणीराव आले बघा." मग ते नाव तुला चिकटलं. नोकरीवर परत जाताना तू आत्याकडून तो पेला-डबरा मागून नेलास, तिकडच्या कपातून कॉफी गिळवत नाही म्हणून. सगळ्या प्रयोगशाळेला तू आपल्यासारखी कॉफी प्यायला शिकवलंस, असं मोहन सांगत होता.

आता भांडण.

पुढच्या रजेला तू आलास ते नवा शब्द घेऊन. लेसर. माणकाची कांडी, तिच्यातून निघणारा लाल उजेडाचा झपका, इतका सरळ आणि इतका तिखट की पलीकडे कोणी काच धरून उभं राहायला नको. भिंत असो, झाड असो, बैल असो, उजेड त्याच्यावर आपटून थोडासा तरी परत येतोच, आणि तो थोडासाही तुमच्या पेटीला पुरतो. आत्यानं माणिक एवढंच ऐकलं आणि म्हणाली, "माणिक अस्क्यांना लाभत नाहीं, बाबा." सगळ्यांना लाभत नाही, हे तिनं तुझ्याकडे न बघता म्हटलं. तू हसलास. तुझं म्हणणं होतं की असा झपका पुढे टाकत टाकत एखादी गाडी आपली आपण चालेल. पुढे काय आहे, किती लांब आहे, ते तिला कळेल, आणि कोणी आडवं आलं की ती थांबेल. माणूस नको, लगाम नको.

मी म्हटलं, "पण मग पलीकडच्याला कळणार कसं?"

"काय कळायचं आहे त्याला?"

"कीं त्याला मोजतायत."

तू म्हणालास, "अक्का, बैलाला कळून काय करायचंय?" मी म्हटलं, बैलाचं सोड. नदीकाठी मी काच धरून उभी होते तेव्हा मला माहीत होतं की तू मला मोजतोयस. मी हो म्हटलं होतं. हात खाली घेतला असता तर तुझा उजेड परत आला नसता. आता हात वर करायलाही नको आणि खाली घ्यायचीही सोय नाही. ज्याला आपण किती लांब आहोत हे कोणी मोजून ठेवलंय याचा पत्ताच नाही, त्यानं काय करायचं? तुझी गाडी थांबण्यासाठी मोजते म्हणतोस. जिला थांबायचं कुठे ते कळतं, तिला आपटायचं कुठे तेही कळतं.

तू चिडलास. शाळामास्तरीण, म्हणालास. मी तुला उंटावरचा शहाणा म्हटलं. आप्पांनी दोघांनाही गप्प केलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर खिडकीतून हात बाहेर काढून तू म्हणालास, "पुढच्या खेपेला उत्तर देईन. तुझं म्हणणं अगदींच वेडं नाहीं." तुझ्याकडून एवढं मिळालं म्हणजे मला पदकच मिळालं.

मला लग्न करायचं नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं सगळ्यांनी, तेव्हा या घरात एकटा तूच माझ्या बाजूनं उभा राहिलास, ते मी विसरलेली नाही. तेव्हा तू मिसरूड न फुटलेला पोरगा होतास आणि आप्पांना म्हणाला होतास, "तिला गणित येतं, नवरा कसाला?" इतक्या रागातही आप्पांना हसू फुटलं आणि विषय संपला. मी आज माझ्या पायावर उभी आहे त्यात तुझं ते एक वाक्य आहे. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास.

या आडी महिन्यात, कावेरीला नवं पाणी येतं तेव्हा, तू आलास आणि पहिल्याच सकाळी मला पाल चुकचुकल्यासारखं झालं. तू कॉफी ओतलीस आणि ती डबऱ्याच्या बाहेर पडली. तू म्हणालास, हात भाजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली. तिसऱ्या दिवशी तू पेला डबऱ्याच्या काठाला टेकवून ओतलीस, आजारी माणसाला औषध देतात तशी. जेवताना तुझा हात पापडाच्या अलीकडे थांबायचा, मग चाचपडत पुढे जायचा. माझ्याशी बोलताना तू माझ्या कानाकडे बघायचास. आप्पा म्हणाले, थकलाय. मी तुझी अक्का आहे, रघू. मला थकणं आणि लपवणं यांतला फरक कळतो.

दुपारी आप्पा झोपल्यावर मी ती काच कपाटातून काढली. तिची खोड तूच मला दाखवली होतीस. एक डोळा मिटून तिच्यात बघितलं की आपलाच उघडा डोळा मधोमध दिसतो, उलटा. कुठूनही बघा, मान फिरवा, तो मधोमधच राहतो. मी काच तुझ्यापुढे धरली. "उजवा डोळा झाक."

"कसाला?"

"झाक म्हणतें ना."

तू झाकलास.

"मधोमध काय दिसतं?"

"डोळा."

"खोटं बोलूं नको. मधोमध काय आहे?"

तू मान या बाजूला, त्या बाजूला फिरवून बघितलीस. मग हळू आवाजात म्हणालास, "कडेला भुवई दिसते. मधें काळं आहे."

कसं झालं ते मात्र तू सांगितलं नाहीस. ते काल मोहननं सांगितलं. झपका टाकताना तू डोळे राखायला घालायचा चष्मा क्षणभर वर सारला होतास आणि टेबलावर, उजेडाच्या वाटेत, आत्याचा पेला राहिला होता. चकचकीत घासलेला. दुसरीकडे कुठे पेला-डबरा टेबलावर नसतो, रघू. तंजावरच्या माणसाच्याच टेबलावर असतो. त्या गोल पाठीवरून उजेड परत आला आणि पेटीत न जाता तुझ्या डाव्या डोळ्यात गेला. जाऊन आला, म्हणावं तर. मोहनला तू शपथ घातली होतीस, कारण वरच्यांना कळलं तर तुला त्या कामावरून काढतील. साऱ्या जगाची अंतरं मोजायला निघालेल्या माणसाला एका डोळ्यानं ताटातला पापड किती लांब आहे ते कळत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मलाही तू तेच म्हणालास, कोणाला सांगूं नको. मी म्हटलं, सांगणार. आणि त्याच संध्याकाळी आप्पांना सांगितलं. त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. आप्पांनी गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निरोप पाठवला. त्यांनी सण झाल्यावर या म्हटलं. तू माझ्याशी बोलणं टाकलंस.

आडी पदिनेट्टूला, नदीची पूजा करतात त्या आडीच्या अठराव्या दिवशी, आपण तिरुवैयारूला गेलो. कावेरी भरून आली होती. घाटावर बायका काळे मणी आणि ताडपानाची कर्णफुलं नदीला वाहत होत्या, पोरं चित्रान्न खात होती, वरच्या पायऱ्यांपर्यंत गढूळ पाणी. आत्याचे गुडघे धरले होते म्हणून ती घरीच राहिली. तिला नदीचं पाणी आणून द्यायचं तू कबूल केलंस आणि कळशी उचलून निघताना म्हणालास, "जातों, आत्या."

ती चिडली. "जातों म्हणूं नये. जाऊन येतों म्हण."

"घाट समोर आहे, आत्या. यायचंच आहे, तें बोलायला कसाला?"

तू माझ्यावरचा राग तिच्यावर काढत होतास. ती दाराला धरून उभी राहिली, तू म्हणशील म्हणून. तू म्हणाला नाहीस.

पाण्याखाली पायऱ्या दिसत नाहीत, तिथे सगळेच पायानं चाचपत उतरतात. शेजारचे धडधाकट बाप्येसुद्धा साखळी धरून होते. मी ताम्हन पायरीवर ठेवलं आणि म्हटलं, "हात धर." किती दिवसांनी तू माझ्याशी बोललास. म्हणालास, "मला दिसतंय."

आणि पाऊल टाकलंस, तिथे पायरी नव्हती.

तू वळलास. मी वाकून हात पुढे केला होता, रघू. तुझा हात आला. मी बघितला येताना. तो माझ्या हाताच्या अलीकडे, हवेत मिटला. तुला वाटलं माझा हात तिथे आहे. तुझ्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आश्चर्य होतं, गणित चुकल्यावर शाळेतल्या मुलींच्या चेहऱ्यावर येतं तसं. मी आणखी वाकेपर्यंत पाण्यानं तुला नेलं होतं. तू पार खाली, पापनाशम तालुक्यात सापडलास. अजून मी काही धरायला हात पुढे केला की तो मधेच थांबतो.

मी हे सगळं तुझ्या पश्चात तुला ऐकवतेय, कारण तू उत्तर देणार होतास. पुढच्या खेपेला, म्हणाला होतास. ही ती खेप होती, आणि ती तू रुसण्यात घालवलीस. मला तुझं उत्तर हवं होतं. मी चुकतेय असं तू मला पटवून द्यायला हवं होतंस. मला हरायचं होतं.

काल मोहननं जे सांगितलं त्यात उत्तर होतं, पण तुझं नव्हतं. आप्पा आत गेल्यावर त्यानं सांगितलं. गाडी चालली. प्रयोगशाळेच्या मागच्या पटांगणात, तुझ्या हिशेबानं, तुझ्याच जोडणीनं. पुढे झपके टाकत गेली. भिंतीपुढे थांबली, बैलापुढे थांबली, दोरीला टांगलेल्या गवताच्या पोत्यापुढेही थांबली. पलीकडे कोणी काच धरली नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तुझं नाव घेतलं. बघायला बाहेरचे काही लोक आले होते. ते कोण ते मोहनला कोणी सांगितलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकच गोष्ट विचारली.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

मोहन जमिनीकडे बघत होता. "ती थांबायच्या ऐवजी समोरच्याला गाठेल का, असं विचारलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"वरचे साहेब म्हणाले, त्यात अवघड काही नाही." मग तो म्हणाला, "रघूचं काम आहे, अक्का. अर्धवट कसं सोडू?" भला पोरगा आहे. तुझ्याइतकाच भला आहे, म्हणून मला त्याची धास्ती वाटते.

माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ज्याला चिडवावं तो नव्हता. मला वाटलं होतं असं काही खरं ठरलं तर निदान राग तरी येईल. मला थंडी वाजली. अंगणात आप्पांचं धोतर वाळत होतं, पांढरं, वाऱ्यावर हलत. आजवर ते मला धोतरच दिसत आलं. काल त्याच्याकडे बघताना मनात आलं की याच्यावरूनही उजेड परत जाईल. किती लांब आहे ते कोणाला तरी कळेल, आणि धोतराला कळणार नाही, आप्पांनाही नाही.

मोहननं पेटी खांद्याला लावली. मी काच पुढे केली, हीसुद्धा तुमचीच आहे म्हटलं. तो म्हणाला, "राहू द्या, अक्का. आता तिची गरज पडत नाही."

आता उंबऱ्यावरचं. दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. त्याच्या नागपुरात म्हणत नाहीत, आपल्यात म्हणत नाहीत. न बोलता उठायचं आणि वाटेला लागायचं. मोहनला हे ठाऊक आहे, चांगल्या घरातला मुलगा आहे. स्वतःच्या मराठीत त्याची जीभ रेटली नसती. पण तू त्याला आपलं बोलणं शिकवून ठेवलं होतंस, आणि त्याच्या लेखी ती तुझी आठवण होती. त्या बोलण्यात 'येतो' दडलाय हे त्याच्या कानाला लागलंच नाही. चपला घातल्या, पेटी सावरली आणि वळून, तुझ्या हेलात, अगदी तुझ्या हेलात म्हणाला, "अक्का, जाऊन येतों."

तेराव्याला आलेली आत्या अजून आपल्याकडेच आहे, ती आतून ओरडली, "कोण तें बोललं?" आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनाही तुझाच आवाज वाटला होता.

आणि मी, रघू, सवयीनं उत्तर दिलं. तोंडातून शब्द निघूनही गेले. "बरें, लोकर ये."

मी ते मोहनला म्हटलं नव्हतं. घाटावर निघताना तू जे म्हणायचं टाळलंस त्याला इतक्या दिवसांनी माझं उत्तर गेलं. पण ऐकलं मोहननं, आणि मान हलवून तो गल्लीतून निघाला. मी दारात उभी राहून बघत होते. त्याच्या खांद्यावर तुझी पेटी होती, आणि ये म्हणून मी तिलाही म्हटलं होतं.

तू येणार नाहीस. ती येईल.